भाड्याच्या घरचं पाणी

भाड्याचं घर बघायला आलेला माणूस काय काय विचारणार, हे एजंटांना पाठ असतं. पार्किंग झाकलेलं आहे का, लिफ्टला बॅकअप आहे का, बॅचलर चालतात का, मांसाहार चालतो का, डिपॉझिट किती महिन्यांचं. पाण्याचा प्रश्नही येतो, पण तो ‘चोवीस तास असतं ना?’ एवढाच. एजंट स्वयंपाकघरातला नळ सोडून दाखवतो, जोरात धार पडते आणि विषय मिटतो. त्या धारेखाली पेला धरून घोटभर पाणी पिऊन बघावं, असं कुणाच्या मनात येत नाही. मग टेम्पो येतो, खोकी उघडतात, पहिला चहा होतो आणि घरातलं कुणीतरी कपाकडे बघत म्हणतं, “पाणी जरा मचूळ लागतंय का गं?”

तोवर अकरा महिन्यांच्या करारावर सह्या झालेल्या असतात.

मी बरीच वर्षं पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम कडेला, वाकड-रहाटणी-पिंपळे सौदागर या पट्ट्यात भाड्याने राहते. इथे इमारती नव्या आहेत, राहणारे बाहेरगावचे आहेत आणि पाण्याबद्दल प्रत्येकाचं ठाम मत आहे. कोकणातून आलेल्या शेजारणीला इथलं पाणी खारट लागतं. तिच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा अकोल्याकडचा, खारपाणपट्ट्यातला. त्याला तेच पाणी गोड लागतं. दोघंही खरंच बोलतात. आपल्या लाळेत क्षार असतातच आणि जीभ त्यांच्या सरावाची असते. शिवाय लहानपणापासून प्यायलेलं पाणी हे तिचं मोजमाप होऊन बसतं. जांभ्या दगडातून झिरपलेल्या विहिरीवर वाढलेल्या माणसाला पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी कळणार नाही आणि उलटही तसंच. म्हणून ‘चांगलं पाणी’ या विषयावर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटात होणाऱ्या भांडणांना अंत नसतो.

पण दोघांच्या नळाला येणारं पाणी एकच होतं आणि ते कुठून येतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. या पट्ट्यातल्या प्लंबरांशी, टँकरवाल्यांशी, सोसायट्यांच्या सेक्रेटरींशी बोलल्यावर माझं मत बनलं ते असं: भाडेकरूच्या पेल्यातली वाईट चव बहुतेक वेळा धरणातून येत नाही आणि महापालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रातूनही फारशी येत नाही. ती इमारतीच्या फाटकाच्या आत तयार होते. आणि आपण उपाय शोधायला जातो ते मात्र थेट यंत्रांच्या दुकानात.

धरणातून नळापर्यंत

सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस काळ्या बसाल्टवरून वाहून धरणात साठतो. दगडात फारसं मुरायला त्याला वेळ मिळालेला नसतो, त्यामुळे त्यात क्षार कमी. पुण्याचं खडकवासल्याचं पाणी, पिंपरी-चिंचवडचं पवनेचं पाणी, मुंबईचं तानसा-वैतरणा-भातसाचं पाणी ही सगळी या अर्थाने हलकी पाणी. विरघळलेले एकूण घन पदार्थ, म्हणजे ज्याला आता शाळकरी पोरंही ‘टीडीएस’ म्हणतात, ते अशा पाण्यात लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतात. भारतीय मानक संस्थेच्या आयएस १०५०० या प्रमाणकात ५०० पर्यंतचं पाणी बिनतक्रार स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायला सांगितलं आहे.

पवनेचं पाणी धरणातून नदीत सोडतात, ते रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत वाहत येतं, तिथून उचलून निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध करतात. धरणापासून थेट बंद जलवाहिनी आणायची योजना होती. मावळातल्या शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी मरण पावले आणि योजना थांबली. पाणी उघड्या नदीतूनच येत राहिलं. वाटेतल्या गावांचं सांडपाणी, जलपर्णी, पावसाळ्यातला गाळ हे सगळं घेऊन येणाऱ्या पाण्याला तुरटीच्या जातीची रसायनं लागतात आणि क्लोरीन लागतं. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला की नळाला स्विमिंग पूलसारखा वास का येतो, याचं उत्तर इथे आहे.

हा वास वाईट लागला तरी तो पाण्याच्या बाजूने बोलणारा साक्षीदार आहे. नळाच्या टोकाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असं तेच प्रमाणक सांगतं. वाटेत कुठे घाण शिरली तर तिला तोंड द्यायला काहीतरी शिल्लक हवं म्हणून. गावाकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो आणि आरोग्य कर्मचारी ‘ओटी’ बघतात: नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. राज्यातल्या ग्रामपंचायतींना पाण्याच्या जोखमीनुसार हिरवं, पिवळं, लाल कार्ड मिळतं. आयटीतल्या माणसांनी भरलेल्या बावीस मजली टॉवरला असलं कुठलंच कार्ड नसतं आणि कुणी मागतही नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी दुसरा वास येतो, ओल्या मातीचा. पहिल्या पावसात तो आपल्याला हवाहवासा वाटतो, कनौजचे अत्तरवाले तो बाटलीत भरून विकतात, पण पेल्यातून आला की माणसं घाबरतात. धरणात पाणी तळाला गेलं, ऊन वाढलं की नील-हरित शैवाल आणि मातीतले काही जिवाणू ‘जिओस्मिन’ नावाचा पदार्थ सोडतात. बीटाला येणारा मातकट वासही त्याचाच. लिटरला पाच-दहा नॅनोग्रॅम इतक्या नगण्य प्रमाणातही माणसाचं नाक तो पकडतं. त्याने अपाय काही होत नाही. चार पावसांत जातोही.

एवढं झालं की पाणी सोसायटीच्या मीटरपाशी येतं. इथपर्यंत ते हलकं, थोडं क्लोरीनचं आणि बहुतेक दिवस पिण्याजोगं असतं.

फाटकाच्या आत

नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी आहे. म्हणजे ‘चोवीस तास पाणी’ हे टाकीचं असतं, महापालिकेचं नव्हे. चावीवाला त्याच्या वेळापत्रकाने व्हॉल्व्ह सोडतो, पाणी खालच्या टाकीत पडतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत जातं आणि मग पाइपातून खाली आपल्या स्वयंपाकघरात येतं. या प्रवासात त्यावर दोन गोष्टी घडतात.

पहिली, ते शिळं होतं. दोन दिवस टाकीत पडून राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. गच्चीवरची टाकी उन्हात तापते, झाकणाला फट असेल तर धूळ आणि कबुतरांची पिसं पडतात, तळाला गाळ बसतो. आमच्या आज्या सकाळी उठल्यावर रात्रीचं पाणी ओतून टाकायच्या आणि ताजं भरायच्या. आता ताजं म्हणून आपण जे भरतो ते परवाचं असतं.

दुसरी, त्यात भर पडते. महापालिकेचं पाणी पुरत नाही म्हणून बोअरवेलचं आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी त्याच खालच्या टाकीत सोडतात. बसाल्टच्या भेगांत वर्षानुवर्षं राहिलेल्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. ते धरणाच्या पाण्यात मिसळलं की नळाचं पाणी एकदम जड होतं. शॉवरची भोकं बुजतात, काचेच्या पेल्यावर पांढरे डाग पडतात, तूरडाळ शिजता शिजत नाही. डाळीतलं पेक्टिन आणि पाण्यातलं कॅल्शियम एकमेकांना धरून बसतात, मग कुकरच्या कितीही शिट्ट्या काढा.

पाणी कोणत्या जातीचं आहे ते ओळखायला चहा पुरतो. बिनदुधाचा चहा करायचा, पांढऱ्या कपात ओतायचा आणि पाच मिनिटं त्याला हात लावायचा नाही. हलक्या पाण्याचा चहा वरून स्वच्छ राहतो. जड पाण्याच्या चहावर तांबूस-तपकिरी तवंग येतो. कप हलवला की त्याला तडे जातात आणि ते तुकडे कडेला चिकटतात. कॅल्शियम आणि चहातले तुरट घटक यांचा तो पापुद्रा. दुधाच्या चहात तो लपतो, म्हणून आपल्याला वर्षानुवर्षं कळत नाही.

आमच्या भागातल्या एका प्लंबरने मला वेगळीच पद्धत दाखवली. स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते, जिच्यामुळे पाणी फेसाळ पडतं, ती त्याने फडकं धरून पिळली आणि काढून माझ्या तळहातावर ठेवली. जाळीच्या आतल्या बाजूला बारीक वाळू होती, गंजाचे लालसर कण होते, टेफ्लॉन टेपचा एक पांढरा दोरा होता आणि या सगळ्याला धरून ठेवणारा काळपट बुळबुळीत थर होता. “ताई, तुम्ही यातनं गाळून पिताय,” तो म्हणाला. त्याने जाळी वाटीभर व्हिनेगरमध्ये टाकली, बुडबुडे यायला लागले, अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घासून परत बसवली. गंजाची आणि कुबट अशी जी एक चव होती ती त्या दिवसापासून बरीच कमी झाली. भाडेकरूने करायचा पहिला उपाय कुठला असं मला कुणी विचारलं तर मी हाच सांगते. कुणाची परवानगी लागत नाही आणि भिंतीला भोक पडत नाही.

जुन्या पुण्यात आणखी एक सोय असायची, काही इमारतींत अजून आहे: ओट्यापाशी दोन नळ, एक टाकीचा आणि एक थेट कॉर्पोरेशनचा. प्यायचं पाणी आणि वापरायचं पाणी हा फरक त्या नळांतच केलेला होता. सकाळी थेट नळ आला की हंडा-कळशी, पिंप, माठ भरून घ्यायचे. नव्या टॉवरांत हा दुसरा नळ नाही. त्याऐवजी टाक्यांचे कप्पे आहेत: वापराचा, फ्लशचा, अग्निशमनाचा. घर बघायला जाल तेव्हा विचारायचा प्रश्न असा: बोअर कुठल्या टाकीत सोडता? ‘फक्त फ्लशच्या’ असं उत्तर आलं तर त्या घराला दोन हजार रुपये जास्त भाडं द्यायला हरकत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

दोन कांड्यांचा खेळ

नव्या घरात राहायला आलं की आठवड्याभरात दारावर ‘फ्री वॉटर टेस्टिंग’वाला येतो. आमच्याकडेही आला. नीट इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात छोटी पेटी. त्याने दोन पेले मागितले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं. मग पेटीतून एक उपकरण काढलं, त्याला खाली धातूच्या कांड्यांच्या जोड्या होत्या, ती दोन्ही पेल्यांत उतरवली आणि प्लग लावला. मिनिटभरात आमच्या पाण्यात हिरवट-तपकिरी चोथा तरंगायला लागला. त्याचं पाणी तसंच्या तसं. “मॅडम, हे रोज तुमच्या मुलांच्या पोटात जातंय,” तो म्हणाला.

हा प्रयोग देशभर चालतो आणि त्यातली हातचलाखी सोपी आहे. कांड्यांतली एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचाच चोथा पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, काही घडत नाही. तो घाणेरडा रंग पाण्यातला नसतो, कांडीतला असतो. मी त्याला म्हटलं, तुमच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकू या. तो हसला, “मॅडम, तसं करायचं नसतं.” मी टाकलंच. त्याचं शुद्ध पाणी आमच्या पाण्याहून गढूळ झालं. तो बिचारा पगारी माणूस. चहा पिऊन गेला.

टीडीएसचं पेनासारखं मीटरही असंच अर्धसत्य सांगतं. चारपाचशे रुपयांत मिळतं, जवळ असावं, पण ते पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. पाण्यात साखर विरघळवा, आकडा ढिम्म हलत नाही. जंतू, कीटकनाशकं, क्लोरीनचा वास, जिओस्मिन यांतलं काहीच त्याला कळत नाही. त्याचा खरा उपयोग एकच, पण मोठा: नळाचं पाणी आज धरणाचं आहे की बोअरचं, ते लगेच समजतं. एका आठवड्यात आकडा शंभराचा सहाशे झाला तर टाकीत काय ओतलं गेलं हे सोसायटीला विचारायला तुमच्या हातात पुरावा असतो.

यंत्र घ्यावं का

आरओ यंत्र अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून दाबाने पाणी ढकलतं. क्षार मागे राहतात, पलीकडे जवळपास कोरं पाणी निघतं. बोअर-टँकरच्या सहाशे-आठशे टीडीएसच्या पाण्याला दुसरा घरगुती उपाय नाही, हे मान्य करायला हवं. पण धरणाचं शंभराचं पाणी ज्यांच्या घरी येतं, आणि मुंबईतली बहुतेक घरं अशीच आहेत, तिथे हे यंत्र पाण्यातली चवच काढून टाकतं. क्षार नसलेलं पाणी जिभेला सपाट लागतं. मग विक्रेता ‘टीडीएस कंट्रोलर’ फिरवतो, म्हणजे न गाळलेलं थोडं पाणी परत त्यात मिसळतो. आधी काढायचं आणि मग घालायचं, त्याचे पैसे आपण द्यायचे.

शिवाय एक लिटर पाण्यामागे घरगुती यंत्र साधारण तीन लिटर मोरीत सोडतं. सहाशेच्या पाण्यातून एक भाग काढला की उरलेल्या तीन भागांचा टीडीएस आठशेच्या घरात जातो. फरशी पुसायला ठीक, तुळशीला रोज नको. टँकर मागवणाऱ्या इमारतीत घरोघरी आरओ चालणं म्हणजे विकत घेतलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा गटारात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली पाचशेखालच्या टीडीएसच्या भागात घरगुती आरओ वापरायला बंदी घालावी असं पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. दुकानांतली रांग काही कमी झाली नाही.

भाडेकरूची अडचण आणखी साधी आहे. यंत्र भिंतीवर टांगायचं तर ड्रिल मारावं लागतं, आणि टाइल तडकली की डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. आमच्या एका घरमालकांनी करारात चक्क लिहिलं होतं: ‘भिंतीस खिळा मारू नये.’ काका स्वभावाने चांगले होते, दिवाळीला फराळ पाठवायचे, पण खिळ्याच्या बाबतीत कठोर. ओट्यावर ठेवायची यंत्रं मिळतात, नळाला डायव्हर्टर लावून पाणी घेता येतं, जाताना सगळं काढून जुनी जाळी परत बसवता येते. भाड्याने मिळणारी यंत्रंही आली आहेत. दर महिन्याला पैसे, देखभाल त्यांची. पण भाड्याच्या घरात भाड्याचं यंत्र घेण्याआधी पाण्याचा आकडा बघून घ्यावा, एवढंच.

तक्रार फक्त क्लोरीनच्या किंवा मातीच्या वासाची असेल तर लागतो तो कोळसा. नारळाच्या करवंटीपासून केलेल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये इतकी छिद्रं असतात की त्यांचं क्षेत्रफळ शेकडो चौरस मीटर भरतं. वासाचे रेणू त्यात अडकतात, क्लोरीन तिथेच निकामी होतो. हा कोळसा भरलेले कार्ट्रिज नळाच्या तोंडाला लावायला मिळतात, जगमध्ये बसवलेले मिळतात. वीज नको, भोक नको, पाणी वाया जात नाही. क्षार मात्र त्याने हटत नाहीत, त्यामुळे आधी-नंतर टीडीएस मोजून ‘फसवलं’ म्हणणाऱ्यांनी मीटरला दोष द्यावा. कार्ट्रिज वेळेवर बदललं नाही तर त्याच छिद्रांत जिवाणू राहायला येतात, आणि क्लोरीन तर आपणच काढून टाकलेला असतो. गावाहून पंधरा दिवसांनी परतल्यावर पहिलं पाणी सोडून द्यायचं. कार्ट्रिजही नको असेल तर आधी पुढचे उपाय करून बघावेत.

रुंद तोंडाच्या पातेल्यात रात्री पाणी भरून जाळीचं झाकण ठेवलं तर सकाळपर्यंत क्लोरीनचा वास बराचसा जातो. कळशीत तो रेंगाळतो, कारण तोंड अरुंद. उकळल्यावर तर दहा मिनिटांत जातो आणि पाण्यातल्या कठीणपणाचा एक भागही पातेल्याच्या बुडाशी पांढरा होऊन बसतो. उकळलेलं पाणी बेचव लागतं ते त्यातली हवा निघून गेल्यामुळे. गार झाल्यावर या भांड्यातून त्या भांड्यात, जरा उंचावरून, चारदा ओतलं की हवा परत मिसळते. घाईत असाल तर लिंबाचे दोनचार थेंब. त्यातलं क जीवनसत्त्व क्लोरीनला लगेच संपवतं.

आणि माठ. पाणी झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते, आतलं गार होतं. फ्रिजच्या पाण्याइतकं गार होत नाही, आणि तीच त्याची खुबी: फार थंड पाण्यात जिभेला काही कळतच नाही, माठातल्या गारव्यात चव कळते. मार्चमध्ये वाळ्याची जुडी टाकली की मे महिन्यापर्यंत टँकरचं पाणीही सुसह्य होतं. पण माठ आठवड्याला रिकामा करून घासायला हवा, साबण न लावता, आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढायचं. हात बुडवायचा नाही. तांब्याच्या भांड्याबद्दल वाद घालणाऱ्यांसाठी सांगते: रात्रभर, म्हणजे सोळा तास, तांब्यात ठेवलेल्या पाण्यातले रोगजंतू मरतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. चव मात्र ज्याच्या त्याच्या जिभेवर. त्यात लिंबू पिळू नका म्हणजे झालं.

नळाला फडकं बांधायची सवय अजून कितीतरी घरांत दिसते. पाणी फडक्याने गाळून प्यायला आपल्याकडे नारूच्या काळात मुद्दाम शिकवलं गेलं, आणि तो रोग जाण्यात त्या गाळण्याचा वाटा होता; २००० साली भारत नारूमुक्त ठरला. आज त्या फडक्याने गंजाचे कण अडतात. पण नळावरच ओलं राहिलेलं, महिनोन्‌महिने न धुतलेलं फडकं पाण्याला देणार काय, ते त्याचा वास घेऊनच बघावं.

गोड म्हणजे चांगलं नव्हे

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली शक्ती जाणारा हा आजार एरवी कुणाला माहीतही नव्हता. काही रुग्णांच्या तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला, पाण्यावर संशय गेला, नमुने घेतले गेले. त्यात खाजगी आरओ प्रकल्पांचेही नमुने होते. काहींचं पाणी पिण्यास अयोग्य निघालं आणि महापालिकेने ते प्रकल्प बंद केले. वीस लिटरच्या जारमध्ये मिळणारं ते थंडगार, गोड पाणी हजारो भाडेकरू, विशेषतः एकटी राहणारी मुलंमुली, रोज पितात. सीलबंद बाटलीतल्या पाण्याला २०२४ पर्यंत आयएस १४५४३ चा शिक्का सक्तीने लागायचा. नळीने भरून, वरून नुसतं झाकण दाबलेल्या जारवर तो शिक्का नसतो आणि आपणही कधी उलटून बघत नाही.

त्या दोन महिन्यांत आमच्या सोसायटीतल्या लोकांना क्लोरीनचा वास अचानक आवडू लागला होता. नळाला वास येत नाही म्हणून सेक्रेटरींना फोन जायचे.

चवीचा आणि सुरक्षिततेचा हिशोब वेगळा मांडावा लागतो तो असा. मीटरचा आकडा कमी आणि पाणी गोड, तरी शंका असेल तर नमुना सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत द्यायचा. घरच्या घरी बघायचं तर हायड्रोजन सल्फाइडची छोटी बाटली मिळते. त्यात पाणी भरून खोलीच्या तापमानाला ठेवायचं. एक-दोन दिवसांत काळं पडलं तर त्यात विष्ठेतून येणारे जिवाणू असण्याची दाट शक्यता. ग्रामीण पाणीपुरवठ्यात ही बाटली सगळीकडे वापरतात.

टाकीचा मालक

इतकं सगळं करूनही उरते ती टाकी, आणि टाकीवर भाडेकरूचा हक्क नाही. तो सोसायटीचा सभासद नसतो, सर्वसाधारण सभेत त्याला मत नसतं. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी मालकाकडून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत जादा शुल्क घेते, मालक ते भाड्यात धरतो, म्हणजे पैसे भाडेकरूच्याच खिशातून जातात. टाकी कधी धुतली हे विचारायला गेलं की मात्र “तुमच्या ओनरना सांगा ना” असं उत्तर मिळतं. आणि ओनर बहुतेक वेळा न्यू जर्सीत.

तरी काही सोसायट्यांत गोष्टी हलल्या आहेत आणि त्या हलवणारे बरेचदा भाडेकरूच होते. टाकी वर्षातून दोनदा उपसून, घासून, दाबाच्या फवाऱ्याने धुऊन, गाळ ओढून आणि क्लोरीनने निर्जंतुक करून घ्यायची. झाकणांना रबर लावायचं. हवेच्या नळीला जाळी बसवायची. बोअर फ्लशच्या टाकीकडे वळवायचं. शेवटचं काम सगळ्यात स्वस्त, पाइप आणि दोन व्हॉल्व्ह एवढाच खर्च, आणि चवीत सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडतो. आमच्याकडे ते व्हायला वर्ष गेलं. सेक्रेटरी काका आधी म्हणाले बजेट नाही, मग म्हणाले ठराव लागेल. शेवटी महापालिकेचं पाणी पडताना आणि बोअर चालू असताना, असे दोन पेले त्यांच्याच टेबलावर ठेवून मीटर बुडवलं. आकडे त्यांनी चष्मा लावून वाचले. मग एक घोट याचा, एक घोट त्याचा, आणि “च्यायला” असं म्हणून त्यांनी प्लंबरला फोन लावला.

टँकरचं मात्र अजून भिजत घोंगडं आहे. फाटकावरच्या केबिनमध्ये वॉचमनकाकांकडे टँकरचं रजिस्टर असतं: तारीख, वेळ, गाडी नंबर, लिटर, सही. दहा हजार लिटर, दहा हजार लिटर, पानंच्या पानं. पाणी कुठून आणलं हा रकाना त्यात नव्हता. गेल्या एप्रिलमध्ये भाडेकरूंनी तगादा लावला तेव्हा कमिटीने तो आखून घेतला. ड्रायव्हर लोकांनी आठवडाभर कुरकुर केली आणि मग भरायला लागले. आता त्या रकान्यात प्रत्येक गाडीपुढे एकच शब्द असतो: ‘पाणी’.